रायफल घ्यायचीय, पण कशासाठी?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मुळशी तालुक्यातल्या मारुंजीचा. हिंजवडीला लागून असलेलं आमचं गाव. पंचवीस वर्षांपूर्वी इथे भातखाचरं आणि ज्वारीची रानं होती. आज त्यातल्या बऱ्याच रानांवर वीस-बावीस मजली इमारती उभ्या आहेत. गावात एका पत्र्याच्या शेडमध्ये दहा मीटरची जागा मोजून आम्ही मुलांना एअर रायफल चालवायला शिकवतो. मी स्वतः तरुणपणापासून नेमबाजी करत आलो. त्यामुळे वाटेत, लग्नात, दशक्रियेलासुद्धा लोक मला गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात, ‘सर, परवडेल अशी चांगली रायफल कोणती?’

मिक्सर कोणता घेऊ, मोटारसायकल कोणती घेऊ, तसाच हा प्रश्न विचारला जातो. पण मिक्सर कशासाठी हवा हे विचारावं लागत नाही. रायफलीच्या बाबतीत तेच आधी विचारावं लागतं. म्हणून मी उलट विचारतो, ‘कशासाठी हवी?’ उत्तरं तीन प्रकारची येतात. आज त्या तिन्हींबद्दल बोलतो.

पहिलं उत्तर बहुधा कॉलेजातल्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांचं असतं. मोबाइलवर त्यांनी अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. बर्फात बसलेला माणूस, हातात बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आणि दूरवर हरीण. ‘तसली एखादी स्वस्तातली मिळेल का? थोडी नेमबाजी होईल, थोडी शिकार होईल.’

बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे काय, ते आधी सांगतो. दाराच्या कडीसारखी तिची रचना असते. मूठ वर उचलून मागे ओढली, की रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलली, की नवं काडतूस नळीत जातं. खाली दाबली, की कडी बसली. हलणारे भाग थोडे आणि नळीचं तोंड घट्ट बंद होणारं, म्हणून ही रायफल नेमाला चांगली आणि बनवायलाही स्वस्त पडते. अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा ठरावीक मोसम असतो, त्याचा परवाना काढावा लागतो आणि किती जनावरं मारायची याचा आकडा ठरलेला असतो. तिथे हरणांची संख्या, जंगलाचा विस्तार आणि कायदा यांचा हिशेब वेगळा आहे.

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे हौसेच्या शिकारीचं दार बंद झालं. कायद्यातली शिकारीची व्याख्याही नीट समजून घ्यावी. जनावर मारणं ही शिकार आहेच, पण त्याला जखमी करणं, पकडणं, नुसता तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. एअरगनने पाखरू टिपणं हा खेळ आहे, असा समज आपल्या गावांत अजून आहे. तो चुकीचा आहे. संरक्षण असलेला पक्षी छऱ्याने पडला काय किंवा गोळीने पडला काय, गुन्हा तोच. सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत, किंवा अभयारण्यात शिकार केल्यास, तीन ते सात वर्षांची कैद आहे.

आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणीच्या जंगलात भेकर आहे, सांबर आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे. ही जनावरं डोळ्यांनी पाहावीत, दुर्बिणीतून पाहावीत. नरभक्षक वाघ मारणाऱ्या जिम कॉर्बेटला १९०७ सालच्या चंपावतच्या वाघिणीनंतर रिग्बी कंपनीची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल भेट मिळाली होती. पुढे त्याच कॉर्बेटने कॅमेरा हाती घेतला आणि वाघ वाचवा म्हणून लोकांना सांगत फिरला. तेव्हा हरणासाठी रायफल कोणती, या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. कोणतीच नाही.

दुसरं उत्तर शेतकऱ्याचं असतं आणि त्याला असं दोन वाक्यांत उडवून लावता येत नाही. मुळशीच्या डोंगराकडच्या गावांत आंबेमोहोर आणि इंद्रायणी ऐन ओंबीवर असताना रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचराचा चिखल करून जातो. त्या घरात वर्षाचा तांदूळ तिथे संपतो. आमच्या आजोबांच्या पिढीत काही घरांत ठासणीची बंदूक असायची. नळीत दारू ठासायची, छरे भरायचे आणि रात्री माळ्यावर बसून बार काढायचा. बहुतेक वेळा तो बार आवाजासाठीच असे.

आज पिकासाठी बंदूक हवी असेल, तर दोन परवानग्या वेगवेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवा. एक बंदूक बाळगण्याची. ती ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय झालं, तेव्हापासून हिंजवडी आणि आमचा भाग तिकडे गेला. दुसरी परवानगी जनावर मारण्याची. पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबद्दल वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. पहिली आहे म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून डुक्कर पाडलं, तर शेतकरीच आरोपी होतो. नुकसान झालं की आधी वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. भरपाई कमी वाटली, उशिरा आली, तरी तो कागद पुढे कामाला येतो.

आता यात रायफलीचं काय? सरकारी कारखान्यांत बनणारी .३१५ बोअरची रायफल नागरिकांना परवान्यावर मिळते. ती बोल्ट अ‍ॅक्शनच आहे आणि तिची घडण जुन्या ली-एनफील्डवरून घेतलेली आहे. इंग्रजांच्या काळी लष्कराच्या .३०३ची काडतुसं साध्या माणसाच्या हाती पडू नयेत, म्हणून हे वेगळं माप ठेवलं गेलं. रायफल दणकट आहे. पण ती आमच्या मारुंजीत चालवायची कुठे? नेमबाजीतलं छोटं .२२चं काडतूस घेतलं, तरी त्याची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. .३१५ची तर त्याहून कितीतरी लांब जाते. आणि आता आमच्या कुठल्याही बांधावर उभं राहून चहूकडे पाहा, दीड किलोमीटरच्या आत शाळा आहे, सोसायटी आहे, मजुरांच्या झोपड्या आहेत. गोळी डुकराला चुकली तर ती कुणाच्या तरी खिडकीत जाणार.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही जण पिकाचं नाव सांगतात, पण मनात वेगळं असतं. जमिनीला पैसा आला, मोठी गाडी आली, गळ्यात सोन्याची साखळी आली आणि आता कमरेला काहीतरी हवं असतं. २०१८ साली आलेला ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जमीन गेल्यानंतर पोरांच्या हातात काय येतं, हा त्याचा विषय होता. आम्हाला तो पडद्यावर पाहण्याची गरज नव्हती. २०१९ साली शस्त्र कायदा दुरुस्त झाला. सर्वसाधारण परवानाधारकाला आता तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मिरवण्यासाठी बंदूक हवी असणाऱ्याला मी सल्ला देत नाही. चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

तिसरं उत्तर मला आवडतं. ‘सर, पोरीला नेमबाजी शिकायचीय.’ किंवा, ‘मलाच शिकायचीय, वय चाळीस आहे, चालेल का?’ चालेल. या खेळाला उंची लागत नाही, धावण्याचा वेग लागत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि त्याच तेजस्विनी वयाच्या चाळिशीत टोकियो ऑलिंपिकला उतरल्या.

या खेळाची सुरुवात एअर रायफलीने होते आणि इथे एक चांगली बातमी आहे. नळीचं माप ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७, आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर त्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेतो आणि विक्रीची नोंद ठेवतो, एवढंच. स्पर्धेतल्या एअर रायफलीचा छरा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि त्याची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल भरते. म्हणजे ऑलिंपिकला चालणारी रायफलही या मर्यादेच्या खूप आत आहे. ‘जास्त पॉवरची द्या’ असं दुकानात जाऊन म्हणू नका. नेमाला पॉवर लागत नाही. मात्र परवाना नाही म्हणून धोका नाही, असंही नाही. आमच्याच भागात गच्चीवरून डबे उडवणाऱ्या एका मुलाचा छरा समोरच्या इमारतीतल्या बाल्कनीची काच फोडून आत गेला. आत पाळण्यात बाळ होतं. बाळाला काही झालं नाही, हे नशीब.

दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका किती असतो? अर्धा मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. तो उभं राहून टिपायचा, आणि तोही एकदा नाही, पाऊण तास ते सव्वा तासात साठ वेळा. दुर्बीण लावायला परवानगी नाही. आता सांगा, यात रायफलीचा वाटा किती आणि माणसाचा किती?

म्हणून माझा पहिला सल्ला, पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. क्लबची रायफल वापरा. आमच्या मारुंजीकरांना तर सबब नाही. मुळा ओलांडली की म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं आणि तिथल्या रेंजवर मोठमोठे नेमबाज घडले. तिथे जाऊन आधी नुसतं पाहा. साठ गोळ्या झाडताना माणूस किती कमी हलतो, ते पाहा. ज्याला ते कंटाळवाणं वाटेल, त्याचे पैसे तिथेच वाचले.

सहा महिन्यांनंतरही ओढ टिकली, तर काय घ्यावं? शालेय स्पर्धांत ‘ओपन साईट’ नावाचा प्रकार असतो. म्हणजे नळीच्या टोकाला माशी, मागे खाच, आणि दोन्ही जुळवून नेम धरायचा. यासाठी नळी मोडून स्प्रिंग ताणायची साधी देशी एअर रायफल पुरते. काही हजारांत ती मिळते. गंमत म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापन केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने, म्हणजे सिमेंटच्या पाइपांच्या कंपनीने, अशा एअर रायफली बनवल्या आणि आपल्याकडच्या कित्येक नेमबाजांनी पहिला छरा त्यांच्यावरच उडवला. स्प्रिंगच्या रायफलीत एक दोष असतो. चाप ओढला की आतला दट्ट्या धावतो आणि छरा नळीबाहेर पडायच्या आधीच रायफलीला हिसका बसतो. पण शिकाऊ माणसाला हा दोष उपयोगी पडतो. हात सैल पडला की लक्ष्यावर लगेच दिसतं.

त्यापुढची पायरी ‘पीप साईट’ची. मागच्या चकतीच्या बारीक भोकातून पाहायचं, पुढे गोल कडं आणि कड्याच्या मधोमध काळं लक्ष्य. या रायफलीत हवा आधीच नळकांड्यात भरलेली असते, साधारण २०० बार दाबाने. मोटारसायकलच्या चाकातल्या हवेच्या शंभरपट म्हणा. हिसका जवळजवळ नाहीच. देशी बनावटीच्या अशा रायफली आता मिळू लागल्या आहेत आणि त्या परदेशीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, अ‍ॅन्शुट्झ ही जर्मन-ऑस्ट्रियन नावं तुम्ही ऐकाल. त्यांच्या वरच्या दर्जाच्या रायफलींची किंमत लाखांत जाते.

मध्यमवर्गीय घराने मधला रस्ता धरावा, तो म्हणजे वापरलेली परदेशी रायफल. वरच्या पातळीवरचे खेळाडू काही वर्षांनी रायफल बदलतात. त्यांची जुनी रायफल शिकणाऱ्याला पुढची कितीतरी वर्षं पुरते. पण घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, हवेच्या नळकांड्यावरची तारीख. त्याला वापराची मुदत असते, साधारण दहा वर्षांची. मुदत संपलेलं नळकांडं स्पर्धेत चालत नाही आणि ते धोक्याचंही असतं. दुसरी, दस्ता लांबीला आणि उंचीला कमी-जास्त होतो का. बारा वर्षांची मुलगी सोळाची होईपर्यंत तिचा खांदा कुठल्या कुठे जातो. गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा आपोआप भोकासमोर आला पाहिजे. मान वाकडी करून नेम धरावा लागत असेल, तर ती रायफल कितीही नावाजलेली असली तरी तुमची नाही. तिसरी गोष्ट वजनाची. नियमाने एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. तेवढी वजनदार रायफल लहान मुलाच्या हाती दिली, तर ते पाठीचा कणा वाकवून तिला तोलतं आणि पाठ कायमची दुखवून घेतं.

आणि छऱ्यांचा हिशेब कोणी करत नाही. दिवसाला शंभर छरे, आठवड्यातून चार दिवस. पाचशेंचा डबा पाच दिवसांत संपतो. वर्षाला चाळीस डबे. साध्या डब्याला काही शे रुपये आणि चांगल्या परदेशी डब्याला हजाराच्या घरात. शिवाय जाकीट, बूट, रेंजची फी, स्पर्धेचा प्रवास. म्हणून मी सांगतो, जवळ जेवढे पैसे आहेत तेवढ्यांची रायफल घेऊ नका. निम्म्याची घ्या आणि निम्मे सरावासाठी ठेवा. चार लाखांची रायफल कपाटात आणि छऱ्यांना पैसे नाहीत, अशी घरं मी पाहिली आहेत.

मग बोल्ट अ‍ॅक्शन रायफल कधी? तीही येते, पण नंतर. ५० मीटरच्या प्रकारात .२२ची रायफल असते, एका वेळी एकच काडतूस भरायची आणि दर वेळी कडी उघडायची-लावायची. तिथला दहा गुणांचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी .२२ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल हाताळलेली असेलच. अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतूनच झाली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. या रायफलीला परवाना लागतो. परवान्यासाठी वय एकवीस पूर्ण हवं. त्याआधी सराव करणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे, पण ती देखरेखीखालच्या सरावापुरती. परदेशी रायफल मागवण्याची मुभाही राष्ट्रीय संघटनेच्या निकषांत बसलेल्या नामांकित खेळाडूंनाच आहे. म्हणजे पैसे असले म्हणून ती मिळत नाही, आधी गुण करून दाखवावे लागतात. ही संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. आजही नव्या नेमबाजाला राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतची वाट चढताना त्यांच्या नावाच्या स्पर्धेची पायरी लागते.

याच ५० मीटरच्या तीन स्थितींच्या प्रकारात १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, बालेवाडीत सराव केला. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते पदक आलं आणि आमच्या शेडबाहेर पालकांची रांग लागली.

त्या रांगेत आमच्या गावचेच एक गृहस्थ होते. त्यांची चौदा वर्षांची मुलगी वर्षभर आमच्याकडे येत होती. ते म्हणाले, ‘सर, दोन गुंठे राहिलेत. विकतो आणि हिला जर्मन रायफल घेतो.’ मुलीला हात आहे, यात शंका नाही. पण राहिलेले दोन गुंठे म्हणजे त्या घराचं शेवटचं पाठबळ. आणि रायफलीसाठी जमीन विकली, की पुढच्या प्रत्येक छऱ्यावर त्या जमिनीचं ओझं येतं. एका स्पर्धेत नेम चुकला तर मुलगी लक्ष्याकडे पाहणार नाही, बापाच्या तोंडाकडे पाहील. या खेळात नाडीचा ठोका शांत लागतो. मी त्यांना म्हणालो, ‘दादा, गुंठे राहू द्या. एक वर्ष क्लबची रायफल तिच्या नावाने राखून ठेवतो. तुम्ही फक्त छऱ्यांचं बघा.’ ते दोन दिवस नाराज होते. मग छऱ्यांचे डबे घेऊन आले. मुलगी अजून क्लबच्याच रायफलीवर खेळते. गेल्या महिन्यात तिने साठ छऱ्यांत पहिल्यांदा सहाशेच्या वर गुण केले. आता वापरलेली एक रायफल आम्ही तिच्यासाठी पाहतो आहोत. जमीन आहे तिथेच आहे.

श्रोतेहो, ज्यांच्या घरी रायफल येईल, त्यांनी एवढं करा. रायफल रिकामी आहे, असं कुणी सांगितलं तरी ती भरलेलीच आहे असं धरून चाला. नळी माणसाकडे वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. रायफल कुलपात ठेवा आणि छरे दुसऱ्या कुलपात. आणि ज्यांनी अजून घेतलेली नाही, त्यांनी येत्या रविवारी मुलांना घेऊन जवळच्या रेंजवर जा, तास-दोन तास बसा, तिथल्या प्रशिक्षकांना विचारा. दुकान कुठे पळून जात नाही.